चाफोडी धनगरवाड्याचं अंतर

शपथ घेताना माझ्या उजव्या हातात बटाटेवडा होता. अध्यक्ष थोरवत "उजवा हात पुढं!" असं गरजले, आणि त्यांच्या आवाजाला अशी जरब होती की माणूस हातात काय आहे ते न बघताच हात पुढं करायचा. शिक्षक सोसायटीच्या सभागृहात त्या शनिवारी दुपारी दीडएकशे प्राथमिक शिक्षक होते. त्यातल्या निम्म्यांचे वडे शपथेत सामील झाले.

"शाळा बंद करण्यासाठी मागवलेली कोणतीही माहिती मी देणार नाही," थोरवत म्हणाले.

"देणार नाही," आम्ही म्हणालो.

"फोनवर देणार नाही, कागदावर देणार नाही, ऑनलाइन तर मुळीच देणार नाही!"

इतकं लांब वाक्य सभेला एका दमात म्हणता आलं नाही. शेवटचं 'मुळीच' तेवढं जोरात झालं.

ज्या पत्रामुळं हे सगळं चाललं होतं, ते पत्र थोड्या वेळापूर्वी मीच वाचून दाखवलं होतं. मी संघटनेच्या तालुका शाखेचा सचिव होतो आणि सरकारी मराठी न अडखळता वाचणारा तालुक्यात दुसरा कुणी नव्हता. पत्रात म्हटलं होतं की शिक्षणावरचा खर्च आवरता घ्यायचा आहे. ज्या शाळेचा पट वीसच्या खाली, ती शाळा परवडत नाही. तिच्यापासून तीन किलोमीटरच्या आत जास्त पटाची शाळा असेल, तर लहान शाळा बंद करून तिची मुलं मोठीत घालावीत. अशी मुलं आल्यामुळं एखाद्या शाळेचा पट वीसच्या वर गेला, तर तिला हात लावू नये. बंद शाळेचा शिक्षक अतिरिक्त. जिल्हा दाखवील तिकडं त्यानं जावं. वीसच्या खालच्या शाळांनी मंगळवारी पाच वाजेपर्यंत ऑनलाइन फॉर्म भरावा.

आमच्या तालुक्यात अशा एक्केचाळीस शाळा होत्या. एक माझी, खडकवण्याची. पट सतरा.

"माहितीच गेली नाही तर बंद काय करतील? डोंबल?" थोरवत म्हणाले. टाळ्या पडल्या.

शेवटच्या रांगेतून हुलवान बाई उठल्या. वनिता हुलवान या चाफोडीच्या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत होत्या. पट तेरा. सोमवार ते शनिवार त्या वाड्यावरच खोली घेऊन राहायच्या, कारण खाली यायला एसटी नव्हती आणि रस्ता म्हणण्यासारखा रस्ताही नव्हता.

"अध्यक्ष, एक विचारू का?"

"विचारा की बाई."

"कुणीच भरणार नाही, हे नक्की ना? थोड्यांनी भरली आणि थोड्यांनी नाही, तर जे राहतील ते उघडे पडतील."

"बाई, संघटनेवर विश्वास ठेवा."

"संघटनेवर आहे हो. मी माणसांचं विचारतेय."

सभा हसली. थोरवतही हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी हात पुढं केला आणि शपथ एकट्यानं पुन्हा म्हटली, सगळी, न चुकता. त्यांच्या हातात वडा नव्हता.

*

इथं माझ्या वहीबद्दल सांगायला हवं.

ऑनलाइन कामं सुरू झाली तेव्हा तालुक्यातल्या शिक्षकांपैकी पहिला लॅपटॉप माझ्याकडं आला. प्रत्येक शाळेला एक पासवर्ड मिळाला, आणि तो पासवर्ड घेऊन एकेक जण माझ्याकडं यायला लागला. "सर, तेवढं भरून द्या. आमचा अंगठा चुकीच्या ठिकाणी पडतो." मी द्यायचो. परत परत विचारायला नको म्हणून सगळे पासवर्ड एका शंभर पानी वहीत लिहून ठेवले होते. आमच्या संघटनेची सभासदसंख्या वाढली ती थोरवतांच्या भाषणांनी, असं अहवालात आहे. अहवाल मीच लिहायचो. खरं कारण ती वही होती.

त्यामुळं शपथेनंतर फोन कुणाला येणार, हे उघड होतं.

रविवारी सकाळी पहिला आला. "सर, माझा फॉर्म नुसता भरून ठेवा. सबमिट करू नका."

दुपारी त्याचाच पुन्हा. "सर, सबमिट करून टाका, पण कुणाला सांगू नका."

सोमवारपर्यंत वीस झाले. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत. प्रत्येकानं आवाज खाली करून विचारलं, "बाकी कुणी भरला नाही ना?" आणि प्रत्येकाला मी सांगितलं, "छे."

आमच्या लोकांचं हे असंच आहे. शिक्षकाला मोर्च्यात उभा करा, तो लाठी खाईल. पण 'माहिती अप्राप्त' या यादीत त्याच्या शाळेचं नाव आलं की त्याला रात्री झोप लागत नाही. वर्षानुवर्षं आम्ही शौचालयांची माहिती दिली, झाडांची दिली, विहिरींची, गुरांची, अपंगांची, मतदारांची दिली. वर्ग सोडून दिली. मागितली की द्यायची, हे हाडात गेलं होतं.

सोमवारी संध्याकाळी स्वतः थोरवतांचा फोन आला. त्यांच्या शाळेला धोका नव्हता, तिथं दोनशे मुलं होती. पण त्यांच्या मिसेसच्या शाळेचा पट सोळा होता.

"सुपनेकर, मिसेसचा भरून टाका."

"अध्यक्ष, शपथ?"

"ती सभेला आली नव्हती. शपथ तिला लागू नाही."

"बरं. अंतर किती घालू? नकाशावर तर अडीच दिसतंय."

"नकाशावर कोण चालतं? रस्त्यानं मोजा. तीन पूर्णांक एक."

मी तीन पूर्णांक एक घातलं.

माझा स्वतःचा मी रविवारीच भरला होता. चहाच्या आधी.

*

मंगळवारी दुपारी तीन वाजता केंद्रप्रमुख मोकाशी शाळेवर आले. मोटरसायकलवरून उतरले, वर्गात डोकावले, मुलं उभी राहिली, "बसा" म्हणाले आणि मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"सत्त्याण्णव पूर्णांक छप्पन्न," ते म्हणाले.

"काय?"

"तालुक्याची टक्केवारी. एक्केचाळीसपैकी चाळीस आले. जिल्ह्यात आपण पहिले. साहेबांना शंभर पाहिजे. कोण राहिलंय ठाऊकाय ना?"

"हुलवान बाई."

"फोन लावा. माझा उचलत नाहीत."

मी लावला. वाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर यायची. चौथ्या खेपेला बाई टाकीवर सापडल्या.

"बाई, तो फॉर्म—"

"मी नाही भरणार सर. आपण शपथ घेतलीय."

"हो, ते बरोबर आहे."

"बाकीच्यांनी भरलेत का?"

मोकाशी माझ्याकडं बघत होते.

"एकदोघांनी," मी म्हणालो.

"मग काही नाही. एकदोघं सगळीकडं असतात." वाऱ्याचा आवाज आला, मग बाई म्हणाल्या, "त्यांचंही चुकलं असं नाही सर. घाबरली असतील." फोन तुटला.

"काय म्हणाल्या?" मोकाशींनी विचारलं.

"नाही म्हणाल्या."

"हं." त्यांनी खिशातून सुपारी काढली. "सुपनेकर, वही कुठाय?"

वही टेबलाच्या खणात होती. मी लॅपटॉप उघडला. चाफोडीचा पासवर्ड बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला होता, सगळ्या वहीत तेवढाच सुवाच्य होता. विद्यार्थी तेरा. शिक्षक एक. खोली एक. पिण्याचं पाणी: आहे. जवळच्या जास्त पटाच्या शाळेचं नाव.

"खडकवणे," मोकाशी म्हणाले.

मी खडकवणे लिहिलं.

"अंतर?"

मोकाशींनी मोबाइलवर नकाशा काढला आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत बोट ओढलं. "दोन पूर्णांक चार."

"मोकाशी, मध्ये दरी आहे."

"असेल."

"वळसा घालून यावं लागतं."

"फॉर्ममध्ये दरीला रकाना आहे का?"

मी खालीवर बघितलं. दरीला रकाना नव्हता.

"मग?" मोकाशी म्हणाले. "लिहा. पोरं सुट्टीची वाट बघतायत."

मी दोन पूर्णांक चार लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि 'आपले मनःपूर्वक आभार' असं काहीसं आलं. मोकाशींनी साहेबांना फोन केला, मोटरसायकलला किक मारली आणि जाता जाता मुलांना म्हणाले, "सुट्टी."

पुढच्या आठवड्यात तालुक्याला शंभर टक्के माहितीबद्दल प्रमाणपत्र मिळालं. ते घ्यायला थोरवत गेले.

*

मेच्या शेवटी आदेश आला. अकरा शाळा बंद. त्यात चाफोडी धनगरवाडा सातव्या क्रमांकावर होती. समोर लिहिलं होतं: समाविष्ट शाळा खडकवणे, अंतर दोन पूर्णांक चार. थोरवतांच्या मिसेसची शाळा यादीत नव्हती.

सभा झाली. थोरवतांनी टेबलावर मूठ आपटली. "आपल्यातल्याच कुणीतरी घात केला! हा गद्दार शोधून काढल्याशिवाय संघटना स्वस्थ बसणार नाही!" अज्ञात गद्दाराच्या निषेधाचा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमत म्हणजे खरंच एकमत. ज्या चाळीस जणांनी भरलं होतं, त्यांचे हात आधी वर गेले. ठरावाचा मसुदा माझा होता. 'तीव्र शब्दांत' हे माझेच शब्द.

हुलवान बाई शेवटच्या रांगेत होत्या. त्यांचीही नेमणूक झाली होती, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या.

"सर, शाळा सुरू होईल त्या दिवशी मी मुलांना घेऊन येते. त्यांनी तुमची शाळा बघितलेली नाही."

"तुम्हाला कशाला त्रास? तुम्हाला नव्या शाळेवर हजर व्हायचं असेल."

"दुसऱ्या दिवशी होईन. एक दिवसाची रजा टाकलीय."

*

आमची शाळा साडेदहाला भरायची. पावणेबाराला बाई आल्या. मागं एका ओळीत तेरा मुलं. सगळ्यात पुढं बिरू झोरे, चौथीतला, हातात काठी. सगळ्यात मागं त्याची बहीण बायडी, पहिलीतली, चप्पल हातात घेतलेली. तिच्या टाचेला पाला बांधला होता.

माझी सतरा मुलं खिडकीत जमली.

"पाणी द्या आधी," मी म्हणालो.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आठला निघालो. मधे बायडीला कडेवर घेतलं, म्हणून थोडा उशीर झाला." त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून तेरा दाखले काढले. प्रत्येक दाखला वळणदार अक्षरात लिहिलेला, 'वर्तणूक' या शब्दापुढं नुसतं 'चांगली' नव्हतं. बिरूच्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'गणित तोंडी करतो, पाटी देऊ नये.' बायडीच्या दाखल्यावर, 'बोलत नाही, पण ऐकते.' दाखल्यावर असं काही लिहायचं नसतं. रकाना नसतो.

"तुमचा पट किती होता सर?" बाईंनी विचारलं.

"सतरा."

"आणि हे तेरा."

"तीस."

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "तुमची शाळा तरी राहिली."

टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तो मारला नाही. त्या खरंच माझ्या वर्गाकडं, भिंतीवरच्या तक्त्यांकडं, खिडकीतल्या मुलांकडं बघत होत्या, आणि एका शाळेवरचं संकट टळल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सतरा आणि तेरा तीस होतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असं नव्हतं. ज्या शनिवारी पत्र वाचून दाखवलं, त्या शनिवारी वाचता वाचताच मी ते तोंडी केलं होतं. सभेला 'हात लावू नये' हे वाक्य मी जरा सावकाश वाचलं, ते त्यामुळं. मंगळवारी मोकाशी आले नसते, तर चारनंतर वही मी स्वतःच काढली असती. ते आले म्हणून मला तेवढं करावं लागलं नाही. माणसाला कधी कधी असं नशीब साथ देतं.

बाईंची गाडी साडेतीनला होती. निघताना त्यांनी एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवला नाही, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, आज पहिला दिवस आहे. घरी तुम्ही पोचवाल का? एकदा मोठं माणूस बरोबर असलं की वाट पाठ होते."

"पोचवतो की," मी म्हणालो. "अडीच किलोमीटर तर आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं, मला माहीत नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पिशवी उचलली आणि फाट्याकडं चालू लागल्या.

*

आम्ही लगेच निघालो. गावाबाहेर पडल्यावर समोर, अगदी समोर, दरीच्या पलीकडं वाड्याची छपरं दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिथून आम्ही पाठ फिरवली आणि उलट्या दिशेनं, दरीच्या तोंडाकडं चालायला लागलो.

"सर, तुमी दमलं तर सांगा," बिरू म्हणाला.

"मी कशाला दमतोय?"

"मागल्या टायमाला दमलता."

"कधी?"

"मतदानाला आलतासा की. पेटी घिऊन. आमच्या शाळंत बसलतासा. बाईनी ताक दिलं, तवा तुम्ही म्हणलासा, हितं जो शिक्षक यील त्याला सरकारनं पदक द्याया पायजे."

"असं म्हणालो होतो?"

"व्हय. बाईनी आमाला शुद्धलेखनाला घातलं हुतं ते."

ओढा आला, चढ आला, पुन्हा ओढा आला, तो तोच होता. बायडी पहिला तासभर चालली, मग एका दगडावर बसली आणि उठेना. मी तिला पाठीवर घेतलं. ती काही बोलली नाही, पण माझा श्वास ऐकत असावी, कारण चढ लागला की माझ्या मानेवरचा हात सैल करायची.

वाड्यावर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. मेंढरं आत येत होती. शाळेच्या खोलीला कुलूप होतं आणि व्हरांड्यात कुणीतरी लाकडं रचली होती. बिरूची आई, ठकूबाई झोरे, पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"बसा सर. लई चाललासा."

"पोरं चालली की," मी म्हणालो.

"व्हय. येक दीस चालली." तिनं बायडीला माझ्या पाठीवरून उतरवून घेतलं, टाचेचा पाला सोडून बघितला. "उद्या नगं सर. बारकी तर नगंच. बिरू गेला असता, पर मग मेंढरांमागं कोन? सकाळी आठला निघायचं, रातीला यायचं. त्यात शिकायचं कवा?"

"शाळेत नाव आहे त्यांचं," मी म्हणालो.

"असू द्या की. नाव ऱ्हाऊ द्या." ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तुमचं बी काय चुकलं न्हाय. वरनंच आलंय म्हनं."

भोवती बायका जमल्या होत्या. एकीनं मला विचारलं, नाव ठेवून मूल आलं नाही तर पोलीस येतात का. मी म्हणालो, येत नाहीत. दुसरीनं विचारलं, तुमाला वरनं बोलणी बसतील का. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग बरं.

बिरू हे सगळं ऐकत काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"सर, मग उद्या हजेरी घेताना आमचं नाव घ्याल?"

"घ्यावं लागेल."

"आन् आमी नसलो तर?"

मी घोटभर पाणी प्यालो. तेरा मुलं माझ्याकडं बघत होती. ती रोज गैरहजर दाखवली, तर महिन्याभरात मोकाशी विचारायला येणार होते, आणि मग पट पुन्हा सतरा होणार होता.

"लावीन मी," मी म्हणालो.

"हजर?"

"हजर."

"न येता?"

"हो. न येता."

बिरूच्या डोळ्यांत गणित सुटल्यासारखी चमक आली. त्यानं काठी आपटली आणि बाकीच्यांकडं वळून ओरडला, "आरं ए! न जाताच हजर! सर म्हणत्यात, रोज हजर!"

मुलांनी एकच कल्ला केला. एकानं शिट्टी मारली. बायडीसुद्धा आईच्या कडेवरून उतरली आणि लंगडत त्यांच्यामागं पळाली. ती सगळी मेंढरांच्या कळपात घुसली, एकमेकांना हाका मारत, "हजर! हजर!" म्हणत. बायका हसल्या. ठकूबाई म्हणाली, "सर चांगलं हायती."

मी रिकामा तांब्या तिच्या हातात दिला आणि उतरायला लागलो. बराच खाली आलो तरी वरून ओरडणं ऐकू येत होतं. मी मोजलं नाही, पण आवाज तेरा असावेत.